न भरलेला बाजार

खोडाळ्याच्या दवाखान्यात दुर्बीण आली तेव्हा निम्म्या गावाला वाटलं, आता चंद्र बघायला मिळणार. ही दुर्बीण तसली नव्हती. तोंडातून पोटात सोडायची, बोटाएवढी जाड, काळी, लवचिक नळी. एका टोकाला डोळा लावायचा आणि माणसाच्या आत काय चाललंय ते बघायचं. मुंबईच्या कुठल्याशा रुग्णालयाने पडद्यावर चित्र दाखवणारी नवी घेतली आणि ही जुनी आमच्या संस्थेला दान केली. धर्माच्या गाईचे दात कोणी मोजत नाही. आम्हीही मोजले नाहीत. चादरींचं कपाट रिकामं केलं आणि तिला आत हुकाला टांगली.

टांगायचीच असते ती. गुंडाळून पेटीत ठेवली की आतल्या बारीक पोकळीत पाणी राहतं आणि त्या पाण्यात नको ते वाढतं. हे मला डॉ. पिंगळ्यांनी शिकवलं आणि मी रखमीला. मी पुष्पलता, मूळची जव्हारची, त्या दवाखान्यातली एकुलती एक शिकलेली सिस्टर. रखमी आमची मावशी, म्हणजे झाडण्यापासून बाळंतिणीला धरण्यापर्यंत सगळं करणारी. वयाने माझ्याहून मोठी, पण मला 'बाय' म्हणे आणि माझं काही चुकलं की गप्प राहून ते दाखवून देई. दुर्बिणीला तिने पहिल्याच दिवशी 'धामण' म्हटलं आणि तेच नाव पडलं. "बाय, धामण धुतली", "बाय, धामण वाळली". नवखा पेशंट हे ऐकून चपला शोधायला लागायचा.

धुतलेली नळी किती दिवस चांगली राहते, हा प्रश्न मी त्या काळात तीन डॉक्टरांना विचारला आणि मला चार उत्तरं मिळाली. एक म्हणाले, ज्या दिवशी घालायची त्याच सकाळी पुन्हा औषधात बुडवायची, कालचीही चालणार नाही. दुसरे म्हणाले, तीन दिवस. तिसरे, म्हणजे पिंगळेच, आधी आठवडा म्हणाले आणि मग चहा पिता पिता म्हणाले की खरं तर कोणालाच नक्की माहीत नाही, सगळं वाळवण्यावर आहे. मोठ्या माणसांचं आपापसात ठरत नाही आणि कपाटाचं दार उघडणाऱ्या बाईने मात्र चुकायचं नाही, याची मला तेव्हाही चीड यायची. शेवटी आमच्याकडे येणार पिंगळे, म्हणून पिंगळ्यांचाच शब्द धरला. "सिस्टर, आतून बाहेरून घासली, औषधात बुडवली, उकळलेल्या पाण्याने धुतली, हवा मारून वाळवली आणि सरळ टांगली, तर आठ दिवस. त्यापुढची मी माझ्या आईच्या तोंडात घालणार नाही."

रखमी दारात उभी होती. "आठ दिस म्हंजे बाजार ते बाजार ना, सायब?"

पिंगळे खूश झाले. "हे छान. असंच लक्षात ठेवा, मावशी. बाजार ते बाजार."

पिंगळे नाशिकचे. महिन्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी यायचे. बाजार नसेल त्या दिवशी आमच्याकडे पेशंट येतो तो झोळीत घालून. चालत येणारे सगळे मीठ, मिरची, सुकी मासळी आणि डॉक्टर एकाच खेपेत उरकतात. मधल्या दिवसांत कोणाला रक्ताची उलटी झाली तर इगतपुरीचे एक सर्जन निरोप मिळताच यायचे, म्हणून नळी कायम तयार हवी. त्यासाठी दर बाजाराला रखमी ती खाली काढायची, औषधात बुडवायची, वाळवून पुन्हा टांगायची. ते औषध जव्हारहून बाजारच्या जीपने यायचं. डब्यातलं पाणी, त्यात पूड टाकली की हिरवं होतं, डोळ्यांना झोंबतं, आणि पंधरा दिवसांनी त्यातला जीव जातो. मग ते नुसतं हिरवं पाणी. आमची सगळी घडी अशी बाजारावर बसवलेली होती आणि बरी चालली होती.

आता बाजाराचं एक सांगायला हवं, नाशिक-पुण्याच्या माणसाला ते ठाऊक नसतं. आमच्या डोंगरात बाजार हा वार नाही, माप आहे. पोर तीन बाजारांचं झालं, पाहुणा दोन बाजार राहिला, कोंबडी खुडूक बसून एक बाजार झाला. आणि बाजार मोडला, म्हणजे पावसाने किंवा कशाने तरी भरलाच नाही, तर तो कोणी मोजत नाही. जो भरला नाही तो झालाच नाही. कोंबडीला हे समजावता येत नाही, ती आपल्या वेळेला पिल्लं काढून मोकळी होते; तेवढं सोडलं तर कोणाचं काही अडत नाही.

रुपी आमच्याकडे आली ती आषाढात. सूर्यमाळच्या खालच्या एका पाड्यावरची. तिथे उन्हाळ्यात पाणी मिळायचं ते लांबच्या झऱ्यावर, आणि डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढणाऱ्या बायकांतली ही एक. काटक, बोलणं कमी. होळीपासून तिला भाकरी गिळवेना. घास छातीत बसायचा आणि तिथेच राहायचा. मग भात उतरेना. मग मऊ भातही. भगत झाला, जव्हारच्या एका दवाखान्यातलं इंजेक्शन झालं, आणि ती माझ्यासमोर येऊन बसली तेव्हा फक्त नाचणीची पातळ पेज खाली उतरत होती, तीही थांबत थांबत. तिचा नवरा जिव्या तिच्या शेजारी उकिडवा बसला होता. रुपीच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या आणि तो त्या पुन्हा मनगटाकडे ओढत होता.

त्या दिवशी पिंगळे येऊन गेलेले होते. मी जिव्याला सांगितलं, पुढच्या महिन्यात डॉक्टर येतील तेव्हा दुर्बीण घालून बघतील, छातीत काय आहे ते कळेल, मग त्यावर इलाज. तोवर थांबायचं नसेल तर नाशिकला ने.

"नाशिकचं नाव नको, बाय," तो म्हणाला. "काय करायचं तं हितंच करा."

का, हे मी विचारलं नाही, मला माहीत होतं. त्यांच्या पाड्यावर 'नाशिकला नेलं' हे वाक्य गेलेल्या माणसाबद्दलच बोललं जायचं. जिव्याचा थोरला भाऊ झाडावरून पडला तेव्हा त्याला नाशिकला नेलं, तो परत आला तो बांधलेला. एका सासूला नेलं, तीही तशीच. माणूस फार उशिरा नेतात म्हणून मरतो की नाशिकला नेतात म्हणून, हा वाद मी पाड्यावरच्या लोकांशी पुष्कळ घातला आणि दर वेळी हरले.

श्रावणात पिंगळ्यांचा दिवस जवळ आला. मी त्याच्या आदल्या आठवड्यात भाच्याच्या बारशाला जव्हारला गेले आणि अडकले. पाऊस असा लागला की समोरचं घर दिसेना, आणि जव्हारकडून येणाऱ्या रस्त्यावर दरड आली. बारशाचे पेढे संपले, पाहुणे कंटाळले, भाचाही रडून रडून थकला, पण जीप काही हलेना. शेवटी पाऊस उघडल्यावर निघाले, मोखाड्याला एका ओळखीच्या शिक्षिकेकडे मुक्काम केला आणि सकाळी चपला हातात घेऊन दरडीच्या चिखलातून पलीकडे आले. दवाखान्याच्या दारात पिंगळ्यांची गाडी उभी होती. त्यांच्या बाजूचा रस्ता चालू होता. मी हातपाय धुतले, कोरडं लुगडं मागून घेतलं आणि तशीच आत गेले.

रुपी टेबलावर डाव्या कुशीवर निजली होती. ती दोघं कालच येऊन व्हरांड्यात झोपली होती. ओढ्यातून जिव्याने तिला पाठीवर आणली होती. सांगितल्याप्रमाणे रात्रीपासून तिने पाण्याचा थेंब घेतला नव्हता. पेज मात्र बरोबर आणली होती, कडीच्या डब्यात; तपासणी झाली की लगेच पिता यावी म्हणून जिव्या तो डबा हातात धरूनच दारात उभा होता. पिंगळ्यांनी तिच्या घशात बधीर करणारं औषध फवारलं. ते कडू असतं. तिने तोंड वाकडं केलं, एवढंच.

"नळी कधी धुतली, मावशी?" पिंगळ्यांनी हातमोजे चढवता चढवता विचारलं. ते दर खेपेला विचारायचे.

"मागल्या बाजाराला, सायब," रखमी म्हणाली.

पिंगळ्यांनी मान हलवली. रखमीने कपाट उघडून नळी काढून दिली, नळी चावली जाऊ नये म्हणून मी रुपीच्या दातांमध्ये प्लास्टिकची कडी बसवली, तिचं डोकं धरलं. घसा बधीर व्हायला थोडा वेळ लागतो. अशा वेळी पिंगळे नातेवाइकाशी काहीतरी बोलत, म्हणजे तो घाबरून मध्ये येत नाही. चांगली सवय होती ती.

"काय जिवा, आज बाजारातून काय घेणार?"

"मीठ-मिरची, सायब," जिव्या म्हणाला. डॉक्टर आपल्याशी बोलले याने त्याला बरं वाटलं असावं, कारण तो पुढेही बोलला. एरवी बोलला नसता. "मागला बाजार मोडला ना. घरात मीठ बी नाय."

पिंगळे नळीचं टोक पुसत होते. "मोडला म्हणजे?"

"भरलाच नाय. दरड आली, जीपा नाय आल्या. बोंबीलवाल्या बी नाय. मी येवून रिकामा गेलो."

पिंगळ्यांनी नळी खाली केली आणि रखमीकडे बघितलं. "मावशी, तुम्ही मागच्या बाजाराला धुतली म्हणालात."

"व्हय. मागल्याच."

"पण मागचा बाजार भरला नाही, हे म्हणतायत."

"नाय भरला."

"मग कोणत्या बाजाराला धुतली?"

"जो भरला त्याला," रखमी म्हणाली. तिच्या आवाजात लपवाछपवी नव्हती. उलट, एवढा शिकलेला माणूस हे काय विचारतोय, असंच तिला वाटलेलं दिसत होतं. "मधला भरलाच नाय तं तो कसा मोजायचा? औषध बी नाय आलं. जीप नाय तं डबा कुठून येनार?"

मला सगळं एकदम समजलं. जव्हारची असल्यामुळे समजलं. पिंगळ्यांना तिथेच दोनदा समजावून सांगावं लागलं. रखमीच्या हिशेबाने नळी टांगून एकच बाजार झाला होता. कॅलेंडरच्या हिशेबाने दोन आठवडे. आणि बाजार मोडल्यामुळेच नवं औषध नव्हतं, जुन्याचा जीव गेलेला होता, म्हणजे आता लगेच बुडवून काढू असंही म्हणता येत नव्हतं. जव्हारची जीप आजही दरडीपलीकडेच उभी होती.

"मी उकळून देते," रखमी म्हणाली.

"उकळली तर आतल्या काचा जातील," पिंगळे म्हणाले. त्यांनी पांढरी जाळीची पट्टी घेतली, नळीच्या टोकाशी धरली, दुसरीकडून सिरिंजने आत हवा मारली. श्रावणात आमच्याकडे खुंटीवरच्या पट्ट्यालाही बुरशी धरते. नळीतून एक थेंब आला आणि पट्टीवर पसरला. पाण्यासारखा नितळ नव्हता. पिंगळ्यांनी पट्टी नाकाजवळ नेली आणि मला दाखवली. मीही वास घेतला. ओल्या फडक्याचा येतो तसा वास होता.

त्यांनी हातमोजे काढले. "सिस्टर, आज नाही होणार. ही बाई चार-पाच महिने अर्धपोटी आहे. अंगात काही उरलेलं नाही. यातलं हिच्या छातीत उतरलं तर दोन दिवसांत न्यूमोनिया होईल आणि तो हिला झेपणार नाही."

हे सगळं ते माझ्याशी बोलले. जिव्याला त्यातलं 'आज नाही होणार' तेवढं कळलं. तो डबा हातात घेऊन टेबलाजवळ आला, रुपीकडे बघितलं, मग पिंगळ्यांकडे, आणि मग त्याच्या लक्षात आलं की हे त्याच्याच बोलण्यावरून झालं आहे. ते त्याच्या लक्षात येताना मी बघत होते. मला ते बघवलं नाही, पण रुपीचं डोकं धरलेलं होतं, हलता येत नव्हतं.

"भरला व्हता, सायब," तो म्हणाला.

पिंगळे थांबले.

"बाजार भरला व्हता. मी चुकलो. लई पानी व्हतं म्हनून मना वाटलं नाय भरला. भरला व्हता." आणि मग, कोणी काही म्हणायच्या आत, "मीठ बी आनलं व्हतं. हाय घरात मीठ."

पिंगळ्यांनी रखमीकडे बघितलं. का बघितलं कोणास ठाऊक. पट्टीवरचा डाग तिथेच होता, त्याला साक्षीदाराची गरज नव्हती. पण सवय असते. जिव्यानेही रखमीकडे बघितलं. इतक्या वर्षांत मी सिस्टर म्हणून पुष्कळ गोष्टींवर लोकांना रागावले आहे, आणि तरी सांगते, त्या घडीला मला वाटलं की तिने हो म्हणावं. भरला होता म्हणावं, आणि आपण सगळ्यांनी ते मानावं, नळी आत जावी आणि त्या बाईच्या छातीत काय आहे ते एकदाचं दिसावं.

रखमी वेळप्रसंगी खोटं बोलायची. पेशंटला दुखणार नाही म्हणायची, माझ्या वतीने मी झोपले आहे म्हणायची. पण तिचं सगळं आयुष्य ज्या मापाने मोजलेलं, त्या मापाबद्दल तिला खोटं बोलता आलं नाही. "नाय भरला," ती म्हणाली आणि खाली बघत राहिली.

मी रुपीच्या तोंडातली कडी काढली. तिने जड जिभेने काहीतरी म्हटलं. मला कळलं नाही, म्हणून मी वाकले.

"मंग आता पेज पिऊ?"

जिव्या डब्याची कडी सोडवायला लागला होता. मला त्याचा हात धरावा लागला. घसा बधीर असताना काही पाजलं तर ते श्वासाच्या वाटेला जातं. शिवाय पिंगळे एव्हाना ठरवून मोकळे झाले होते: गाडीत मागची जागा रिकामी आहे, नाशिकला नेतो, संध्याकाळी तिथेच दुर्बीण घालतो, म्हणजे तोवर उपाशीच ठेवायला हवी. चांगला माणूस होता. दुसरा कोणी असता तर पुढच्या महिन्याची तारीख देऊन निघून गेला असता. रुपीला मी सांगितलं, आता नाही गं, संध्याकाळी. तिने मान हलवली आणि डोळे मिटले.

"नाशिक नको, सायब," जिव्या म्हणाला. एकदाच म्हणाला. पिंगळे बाहेर गाडीच्या मागच्या जागेवर चादर घालत होते, त्यांनी ऐकलं की नाही, मला सांगता येणार नाही. मी ऐकलं, आणि म्हटलं, "अरे, बरं होईल. जा." तो रुपीला उचलून बाहेर घेऊन गेला. परत आत आला तो डबा घ्यायला. मग तो तिच्या पायांशी बसला, डबा मांडीवर, आणि गाडी गेली. त्या दिवशीचा बाजार विरळ होता. चार भाजीवाल्या करटोली घेऊन बसल्या होत्या, गाडीने हॉर्न वाजवला तेव्हा त्या टोपल्या घेऊन बाजूला झाल्या.

संध्याकाळी रखमी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. "बाय, मी खोटं नाय बोलले."

"नाही बोललीस," मी म्हटलं.

"मंग?"

सकाळपासून मला आधी रखमीचा राग आला होता, मग जिव्याचा, की मेल्या तुला बोलायची काय गरज होती, आणि मग त्या तीन डॉक्टरांचा ज्यांनी मला चार उत्तरं दिली. तो राग मला अजूनही येतो. नळीला ठाऊक नसतं कोणाचं उत्तर धरलंय ते.

रुपीच्या अन्ननलिकेत गाठ निघाली. वाढलेली, न काढता येणारी. पिंगळ्यांनी मला पुढच्या खेपेला सांगितलं. पोटाला भोक पाडून नळी बसवली, तीतून पेज घालायला जिव्याला शिकवलं, आठवडाभरात घरी सोडायचं ठरवलं होतं. मग तिला ताप आला. छाती भरली. कशामुळे, ते सांगता येत नाही. एवढ्या अशक्त माणसाला ताप यायला वेगळं कारण लागत नाही. दोन बाजार ती नाशिकच्या वॉर्डात होती, आणि ते दोन्ही भरले. तिसऱ्याच्या आदल्या दिवशी गेली.

तेव्हापासून पिंगळे औषधाचा डबा आपल्या गाडीत आणायला लागले. आल्या आल्या पहिलं काम नळी बुडवणं, मग ती कालच धुतलेली असो की महिन्यापूर्वी. "कोणी काही सांगितलं तरी विश्वास ठेवायचा नाही, सिस्टर," ते म्हणाले. "माझ्यावर नाही, तुमच्यावर नाही, मावशींवर तर नाहीच." हे त्यांनी हसत म्हटलं. रखमी हसली नाही.

जिव्या आला तो दसऱ्यानंतर, बाजाराच्या दिवशी. दवाखान्यात त्याचं काही काम नव्हतं. हळवं, लवकर पिकणारं भात कापून झालं होतं, त्यातलं थोडं विकायला आणलं असावं. रिकामं पोतं खांद्यावर होतं. व्हरांड्याच्या पायरीवर बसला. मी पेशंट संपवून बाहेर आले तेव्हाही तो तिथेच होता, म्हणून मीही जरा टेकले.

"बाय," तो म्हणाला, "त्या दिशी मी बोललो नसतो तं?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं आणि उत्तरही तयार होतं. "काही वेगळं झालं नसतं, जिव्या. गाठ तीच होती. इथे बघितली असती तरी तीच दिसली असती. तुझ्या बोलण्याने ती काही आली नाही."

"गाठीचं नाय इचारत." तो पोत्याचा एक दोरा ओढत होता. "हितं दिसली असती, तं मी तिला पाठीवर घेवून घरी गेलो असतो. जेवढी व्हती तेवढी घरात ऱ्हायली असती."

मी त्याला थेंबाचं सांगितलं. तो थेंब आत गेला असता तर ती दोन दिवसांतही गेली असती, हे सांगितलं. डॉक्टरांनी केलं ते बरोबरच केलं, हेही. यातलं काही खोटं नव्हतं आणि मी ते चांगल्या शब्दांत सांगितलं.

"दोन दिस तं दोन दिस," तो म्हणाला.

रखमी आतून झाडत झाडत दारापर्यंत आली होती. तिने केरसुणी भिंतीला लावली. "तू खरं तेच बोललास, भाऊ. बाजार नव्हता भरला."

"व्हय," जिव्या म्हणाला. "खरंच बोललो. पन मना कोनी इचारलं व्हतं?"

मी आठवून पाहिलं. त्या सकाळी आम्ही त्याला आपणहून एकच गोष्ट विचारली होती, आज बाजारातून काय घेणार म्हणून.